थांबणाऱ्या मशीनचा हंगाम

यंदाही हलका, म्हणजे लवकर येणारा धान पिवळा पडला आणि आमच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर तापाचे पेशंट बसू लागले. दोन्ही गोष्टी दरवर्षी साधारण एकाच सुमाराला होतात. गोंदियालगतच्या कुडव्यातल्या घरून स्कूटरने निघाले की सकाळी सीटवर राईस मिलची काळी राख बसलेली असते, ती हाताने झटकायची. हवेत उसना, म्हणजे उकड्या तांदळाचा धान शिजल्याचा आंबूस, गरम वास असतो. दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत ऊन अंगाला चावायला लागतं. दसरा होऊन गेलेला, दिवाळी यायची असलेली, आणि पोर्चमध्ये चादरी गुंडाळून, डोळे मिटून बसलेली माणसं.

त्यांच्याकडे बघितलं की मला तो एक हंगाम आठवतो. त्याला आता काही वर्षं झाली. तरी लॅबच्या काउंटरवर कुणी नुसतं ‘रिपोर्ट आला का?’ म्हणालं तरी माझी नजर आधी स्क्रीनवरच्या घड्याळाकडे जाते. सेकंद सरकत आहेत ना, तेवढं बघून घेते.

मी या दवाखान्याची कम्प्युटरवाली मॅडम. पुण्यात बरीच वर्षं ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर काम केलं. मग आई गेली, कामठ्याला बाबा एकटे राहिले, आणि मी परत आले. ट्रस्टच्या या दवाखान्यात नोकरी मिळाली तेव्हा पुण्यातला माझा मित्र विनय म्हणाला होता, “तिथे काय करणार तू? प्रिंटरमधला कागद काढत बसशील.” पहिली दोन वर्षं खरंच प्रिंटरमधला कागद काढला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. संध्याकाळी बाबांकडे जाता येत होतं.

जिन्याखालच्या खोलीत एसी लावून ठेवलेली एकच मोठी मशीन होती. तिच्या पोटात सहा-सात कम्प्युटर चालायचे, भासाचे. एक लॅबचा, एक औषधांच्या दुकानाचा, एक बिलांचा, एक कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा. आतल्या प्रत्येकाला वाटतं की प्रोसेसर आपला, मेमरी आपली. प्रत्यक्षात त्यांच्या वर बसलेलं एक सॉफ्टवेअर खरा प्रोसेसर त्यांना आळीपाळीने वापरायला देत असतं. ज्याची पाळी नाही तो थांबतो, आणि आपण थांबलो होतो हे त्याचं त्याला कळत नाही. पुन्हा सुरू झाल्यावर घड्याळ पुढे गेलेलं दिसलं, तर त्यावरून काय तो अंदाज. आतल्या कम्प्युटरांची जबाबदारी माझी होती. ती मोठी मशीन आणि तिच्यावरचं सॉफ्टवेअर मात्र नागपूरच्या एका सप्लायरच्या ताब्यात. पासवर्डसुद्धा त्यांच्याकडेच.

तर त्या हंगामात लॅबचा कम्प्युटर थांबायला लागला.

पहिल्यांदा थांबला तेव्हा मी चहा पीत होते. लॅबच्या पुष्पाताई दारात आल्या. वीस वर्षं त्यांनी इथेच रक्त तपासलं. गोंदियात राहून त्यांची मराठी निम्मी हिंदी झालेली. “मॅडम, देखो ना, सगळंच हँग होऊन राहिलं. माउस पण हलत नाही.”

मी गेले. चारही स्क्रीन गोठलेले. काउंटरबाहेर माणसांची दाटी. मी की-बोर्डला हात लावणार तेवढ्यात सगळं आपोआप सुरू झालं. अडून बसलेले रिपोर्ट एकदम प्रिंटरमधून सुटले. पुष्पाताई हसल्या. “आप आयी, और चालू हो गया.”

मी आत जाऊन कर्नलची नोंद उघडली. तिथे लिहिलं होतं की एक प्रोसेसर अडकला होता. कर्नलमध्ये एक पहारेकरी असतो, तो प्रत्येक प्रोसेसर जागा आहे की नाही हे अधूनमधून तपासतो. त्याने आरोळी ठोकली होती, पण त्याला तरी काय ठाऊक! अडकलेला प्रोसेसर प्रोग्रॅमच्या ज्या ओळीवर सापडला ती ओळ अगदी साधी होती, अडकण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. पुढच्या वेळी वेगळीच ओळ. त्याच्या पुढच्या वेळी आणखी तिसरी. त्यावरून मला एवढंच कळलं की दोष आतल्या ओळींचा नसावा. कुणीतरी वरून त्याला मधेच उचलून बाजूला ठेवतंय, आणि तो चालता चालता जिथे होता तिथे सापडतोय.

मी सप्लायरला फोन लावला. तिकडचा माणूस फार गोड बोलायचा. “मॅडम, बड़ी मशीन, होस्ट, तो एकदम बढ़िया है. हमारा ग्राफ देख लो, सब हरा है. आपके अंदर का इश्यू होगा.”

लॅबचं सॉफ्टवेअर बनवणारे म्हणाले, आमचं सॉफ्टवेअर दुसरीकडे कुठेच थांबत नाही, तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम.

मी मधे उभी. आतून बाहेरचं दिसत नव्हतं, आणि बाहेरच्यांना आत बघायचं नव्हतं.

संध्याकाळी विनयला सगळं सांगितलं. तो अजून त्याच कामात होता. त्याने विचारलं, “स्टील टाइम किती दाखवतोय?”

स्टील टाइम म्हणजे चोरीला गेलेला वेळ. कर्नलमधला तो एक खरोखरचा आकडा आहे. माझी पाळी असायला हवी होती आणि मला प्रोसेसर मिळाला नाही, असा किती वेळ गेला, हे आतला कम्प्युटर त्यात मोजतो. मी बघितलं. आकडा वाढत होता. “चोरी होतेय,” मी म्हटलं.

“कोण करतंय?”

“ते आतून कसं कळणार?”

“नाहीच कळणार,” विनय म्हणाला.

त्याच आठवड्यात कौसल्या भरती झाली होती. नवेगाव बांधकडची, तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातली. तिशी-पस्तिशीची असेल. ताप, अंगावर लाल ठिपके, रक्तातल्या प्लेटलेट घसरत चाललेल्या. रोज सकाळ-संध्याकाळ तपासणी. तिचा नवरा रामाजी लॅबच्या काउंटरसमोरच्या बाकावर बसून असायचा. उन्हाने रापलेला, बोटांवर जाळ्याच्या दोऱ्यांचे वळ. वॉर्डात पुरुषांना फार वेळ बसू देत नसत, म्हणून तो इथे बसे. स्क्रीन थांबला की त्याला आमच्या आधी कळायचं, कारण दुसरं बघायला त्याच्यापुढे काही नव्हतंच.

“थांबली पाहा बाई तुमची मशीन,” तो आवाज द्यायचा.

एकदा मी लॅबमध्ये खुर्ची टाकून बसले होते. नोंदी जास्त बारकाईने ठेवण्याची सोय चालू केली होती आणि थांबण्याची वाट बघत होते. अशा वेळी ती हमखास थांबायची नाही. नोंदी ठेवायला लागलं की आतलं काम जरा मंदावतं, त्याने सगळा ताल बदलतो आणि आजार लपून बसतो. नोंदी बंद करून मी जिन्यापर्यंत गेले की मागून पुष्पाताईंची हाक यायची.

“काऊन बसून राहिल्या बाई?” रामाजीने विचारलं.

“मशीन थांबेल म्हणून.”

“थांबाची वाट पाहून राहिल्या?”

“थांबल्याशिवाय कळणार कसं, का थांबते ते?”

त्याने मान हलवली. “आमची बुढीही तशीच. डाक्टर आला का खोकतच नाही.” मग स्वतःशीच हसला. घरी म्हातारी आई होती, तिची काळजी त्याला लागलेली दिसायची. शेजारणीच्या भरवशावर ठेवून आला होता. दुपारी कुणाच्या तरी फोनवरून घरी बोलायचा, मोठ्याने, आईला ऐकू कमी येत असल्यासारखं. “जेवली का वं माय? येतो ना मी. दोन दिसात आणतो हिले घरी.”

कामठ्याला आमच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, कापणी लागली होती. दरवर्षी मी दोन-तीन दिवस सुट्टी घेऊन जायचे. कापलेल्या धानाच्या कडपा उन्हात पसरलेल्या, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून खाल्लेली भाकर आणि लाखोळीची भाजी, पायाला टोचणारे खुंट, आणि तो सगळीकडे भरून राहिलेला वाळत्या तणसाचा गोडसर वास. त्या वर्षी एकच रविवार गेले. बाबा मजुरांबरोबर भारे बांधत होते. मी पहिला भारा उचलला आणि फोन वाजला. पुष्पाताई. फिर से हँग.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “जा ना मंग. धान काही पळून नाही चाललं.”

“बाबा, गेले तरी मला काही करता येत नाही तिथे.”

“तरी जा,” ते म्हणाले. “तेथं तुले बोलावून राहिले.”

मी गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळंधमक होतं, आणि माझ्या डोक्यात पांढऱ्या अक्षरांच्या ओळी. एका प्रोसेसरने सगळ्यांच्या सामायिक माहितीचं कुलूप धरून ठेवलं असेल आणि नेमकं तेव्हाच त्याला वरून थांबवलं असेल, तर बाकीचे सगळे त्या कुलपासाठी ताटकळत असतील. जागे, धावते, आणि तरीही जागच्या जागी. आम्ही लॅबच्या कम्प्युटरला आठ प्रोसेसर दिले होते, जास्त म्हणजे चांगलं असं समजून. कदाचित तेच चुकत असेल. कदाचित बॅकअप. कदाचित कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. या ‘कदाचित’ना अंत नव्हता, आणि एकही तपासायचा तर पासवर्ड नागपूरला.

दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं सुरू होतं. पुष्पाताई ओशाळल्या. “सॉरी हां मॅडम.” त्यांनी का सॉरी म्हणावं!

मग ती सकाळ. रात्री कौसल्याच्या हिरड्यांतून रक्त आलं होतं. आदल्या संध्याकाळचा रिपोर्ट वाईट होता. राऊंडला आलेले डॉक्टर सकाळच्या रिपोर्टची वाट बघत होते, आणि लॅबचा कम्प्युटर थांबला. या खेपेला तो परत सुरू झाला नाही.

रक्त तपासणारं यंत्र वेगळं असतं, ते चालूच होतं. पण नळीवरची बारकोडची पट्टी वाचून ‘हिची कोणती तपासणी करू?’ असं ते लॅबच्या कम्प्युटरला विचारतं, आणि उत्तर आल्यावरच पुढे जातं. उत्तर येत नव्हतं. पुष्पाताईंनी एकेक नळी हाताने लावायला घेतली. नाव बघायचं, नंबर टाकायचा, बटण दाबायचं, आकडा कागदावर लिहायचा. तापाचे दिवस, ट्रे गच्च भरलेला. कौसल्याची नळी त्यात कुठेतरी मधे. मी तो भासाचा कम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. उठताना तो स्वतःच्या सगळ्या फायली तपासत बसला. मी स्क्रीनपुढे उभी, आणि स्क्रीनवर एक रेघ मुंगीसारखी सरकतेय.

डॉक्टर स्वतः खाली आले. चांगला माणूस, कधी ओरडायचे नाहीत. “मॅडम, और कितना टाइम?”

“सांगता येत नाही, सर.”

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. “मैं रिस्क नहीं ले सकता. ब्लीडिंग हो रही है. यहाँ प्लेटलेट की थैली भी नहीं है.” त्यांनी कौसल्याला नागपूरला हलवायचं ठरवलं. त्यांच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

रामाजी माझ्याकडे धावत आला. बाकीच्यांपेक्षा मी त्याच्या ओळखीची झाले होते. “बाई, नागपूर म्हणून राहिले. माय घरी एकटी हाये. नाही गेलं तं नाही चालत का?”

मी काय सांगणार? “डॉक्टरांनी सांगितलंय ना, जा तुम्ही,” एवढंच म्हटलं. कौसल्या स्ट्रेचरवर डोळे अर्धे मिटून पडली होती. अँब्युलन्स गेली. फाटकाबाहेर तिचा भोंगा बराच वेळ ऐकू येत होता.

ती गेल्यानंतर थोड्याच वेळात पुष्पाताईंनी कौसल्याची नळी लावली. आकडा आला तेव्हा त्यांनी तो पुन्हा तपासला. मग मला हाक मारली. प्लेटलेट वाढायला लागल्या होत्या. भरपूर नाही, पण वळण घेतलं होतं. डॉक्टरांनी कागद बघितला, कौसल्याबरोबर गेलेल्या नर्सला फोन लावायला सांगितला. फोन लागेना. शेवटी लागला तेव्हा अँब्युलन्स भंडाऱ्याच्याही पुढे गेली होती. डॉक्टर म्हणाले, “अब जाने दो. वहाँ एक-दो दिन ऑब्झर्व कर लेंगे. अच्छा ही है.”

तेवढ्यात लॅबचा कम्प्युटर जागा झाला. सगळे स्क्रीन उजळले. प्रिंटरने कागद टाकायला सुरुवात केली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. रडू येईल असं वाटलं, पण तेही आलं नाही.

त्यानंतर मी सप्लायरशी भांडले. जन्मात पहिल्यांदा हिंदीत इतकं भांडले. त्यांनी लॅबच्या कम्प्युटरचे आठ प्रोसेसर कमी करून दोन केले, मी सांगितलं तसे. त्यानंतर थांबणं बंद झालं. मी आनंदाने विनयला कळवलं. पण दोन दिवसांनी सप्लायरचा माणूस सहज बोलून गेला की त्याच वेळी त्यांनी वरचं सॉफ्टवेअरही नवं टाकलं होतं, आणि बॅकअपची वेळही बदलली होती. “एक साथ सब कर दिया मॅडम, झंझट खत्म.”

म्हणजे कशाने थांबलं ते आता कधीच कळणार नव्हतं. पुन्हा पहिल्यासारखं करून बघा, असं मी कुणाला म्हणणार होते? तापाचे पेशंट बाकांवर बसलेले असताना?

विनय म्हणाला, “सुटलं असं म्हणू नकोस. बंद झालं म्हण.”

दिवाळी झाली. गावोगावी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरायला लागली. रात्री कुडव्यापर्यंत दंडारीच्या खेळातल्या ढोलक्यांचा आवाज यायचा. शेतं रिकामी झाली होती. आमच्या बांधीत भाऱ्यांचं पुंजणं रचून झालं होतं आणि बाबा त्याच्याभोवती उगाच फेऱ्या मारत होते. मी थोडी निवले होते. कौसल्या नागपूरहून बरी होऊन घरी गेली, एवढं डॉक्टरांकडून कळलं होतं.

आणि एका सकाळी ती लॅबच्या काउंटरवर उभी होती. तपासणीला आली होती. केसांत शेवंतीचं फूल, नवी बांगडी. मी ओळखलं नाही. तिनेच ओळख दिली. मला बघितल्याचं तिला आठवत नव्हतं. नवऱ्याने मशीनवाल्या बाईचं सांगितलं होतं म्हणे.

“मले तं काहीच आठवत नाही बाई. येथून नेलं तेही नाही. डोळे उघडले तं नागपूर.” मग तिचा आवाज उतरला. “तेवढ्यात सासू गेली ना घरी. आमी दोघंही तिकडं. दिराच्या पोरानं येऊन आग देल्ली. यायले शेवटचं तोंडही नाही दिसलं.”

‘यायले’ म्हणताना तिने बाहेर बोट दाखवलं. कडुनिंबाखाली रामाजी उभा होता.

मी बाहेर गेले. तो वाळला होता. डोक्यावर केस नुकते उगवत होते. मला बघून हसला, पूर्वीसारखाच. बस मिळाली का, मासळी कशी आहे, असलं काही बोललो. मग तो म्हणाला, “बुढी आठवण काढत होती म्हणे आमची. पण करता काय? इचा जीव वाचवाचा होता. नागपूरले नेलं म्हणून हे वाचली. मायले समजलं असंन ते.”

मी ऐकत होते. एवढे दिवस तो प्लेटलेटच्या आकड्याचा कागद माझ्या डोक्यात होता, पुष्पाताईंच्या अक्षरातला. डॉक्टर विसरून गेले होते, आणि त्यात चूक काही नव्हती. दुसरं कुणी विचारणारही नव्हतं. मला वाटलं, ज्याचे ते दिवस गेले त्याला तरी कळायला हवं. पुण्यात आम्ही असंच शिकलो होतो. काय झालं ते शोधायचं, आणि ज्याला सोसावं लागलं त्याला खरं खरं सांगायचं.

मी सांगितलं. मशीन थांबली नसती तर रिपोर्ट आधी आला असता. रिपोर्टमध्ये प्लेटलेट वाढायला लागल्या होत्या. नागपूरला न्यायची कदाचित गरज पडली नसती. तुम्ही इथेच असता. निरोप आल्यावर घरी पोचता आलं असतं.

तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, तिथेच थोडा वेळ राहिलं, जसं कुणी निघून गेल्यावर दार हलत राहतं तसं. मग गेलं.

“म्हंजे मी येथंच राहिलो असतो,” तो म्हणाला.

“कदाचित.”

“मायजवर गेलो असतो.”

त्याने झाडाच्या खोडावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. थकलेल्या माणसाने विचारावं तसं त्याने विचारलं,

“हे मले कायले सांगितलं, बाई?”

एवढ्यात कौसल्या औषधांची पिशवी घेऊन पायऱ्या उतरून आली. रिपोर्ट चांगला आला होता, तिचा चेहरा खुलला होता. रामाजीने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि फाटकाकडे चालायला लागला. मागे वळून बघितलं नाही. ती मात्र फाटकाशी थांबली, वळली, आणि मला बघून हात हलवला. ओठ हलले, काहीतरी म्हणाली. बहुधा ‘येतो आम्ही’ म्हणाली असेल. रस्त्यावरच्या ट्रॅक्टरच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मीही हात वर केला.